सोनकिड्याची चोळी

"आत्या, हे पंख वाकलेत," मी म्हणाले.

ओसरीवर उन्हात पितळी परात होती आणि परातीत सोनकिड्यांचे पंख वाळत घातले होते. मी एक उचलून डोळ्यांपुढं धरला. हिरवागार, ऊन पडलं की निळा मारणारा. पण कडा आत वळलेली. दुसरा उचलला, तोही तसाच. तिसराही.

आई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर माझ्या लग्नाच्या चोळीची डावी बाही होती. तिची सुई थांबली. केसराआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. ती उठून आली, परातीवर वाकली, आणि मग कशी कोण जाणे, पंखांकडं न बघता आईकडं बघत राहिली.

"हे जित्या किड्याचे आहेत," मी म्हणाले. "कुणी तोडले?"

आईनं बाही मांडीवर उलटी केली, परत सुलटी केली.

"अगं, विचारायले मी! कुणी ओरबाडले?"

"मी," आत्या म्हणाली. "मीच तोडले. आता काय फाशी देतीस?"

असं म्हणून ती परत उंबऱ्यात जाऊन बसली आणि शेंगा फोडायला लागली. आईनं मान खाली घातली, आणि तिची सुई पुन्हा चालू झाली.

आता तुम्ही म्हणाल, किड्याच्या पंखासाठी एवढा आकांत कशाला? तर आधी आमच्या घरची रीत ऐका.

आम्ही शिंपी. दुधना नदीच्या काठचं आमचं गाव. काठानं बाभळीचं रान होतं आणि पावसाळा मुरला की त्या बाभळींवर सोनकिडे येत. अंगठ्याच्या पेराएवढा किडा, पण देवानं फुरसतीत घडवलेला. त्याच्या दोन जाती आमच्याकडं. एक काथ्या, म्हणजे पाठ काथाच्या रंगाची आणि मान तेवढी हिरवी. त्याला पोरं काड्यापेटीत घालून बाभळीचा पाला चारायची. दुसरा हिरवा, पाठीवर बारीक पिवळे ठिपके असलेला. हा नवरीचा. त्याच्या पाठीवर वरून दोन कडक पंख असतात, शेंगेच्या टरफलासारखे. उडायचे मऊ पंख त्याच्याखाली घडी घालून ठेवलेले. ते वरचे कडक पंख आमच्यात नवरीच्या चोळीवर लावतात. कुंकवाच्या रंगाचं रेशीम, आणि दोन्ही बाह्यांवर ओळीनं पंख. वाफ देऊन पंख जरा नरम करायचा, टोकाला सुईनं भोक पाडायचं आणि टाका घालायचा. त्या रंगाची गंमत अशी की तो विटतच नाही. आत्याची चोळी पेटीत होती. तिला वैधव्य येऊन जमाना झाला होता, चोळीचं रेशीम हात लावला की भुसभुशीत सुटायचं; पण पंख बघावेत तर काल लावल्यासारखे.

पोरगी जन्मली की आई पंख जमवायला लागते. पण किड्याला हात लावायचा तो मेल्यावरच. सोनकिडा जमिनीत, मुळांत, वर्षानुवर्षं अळी होऊन काढतो म्हणतात, आणि बाहेर उजेडात येतो तो थोड्या आठवड्यांपुरता. भादव्यात बाभळीखाली आपोआप मरून पडतात, ते वेचायचे. "मेल्यानं ठेवलेलं ते दान, जित्याचं काढलेली ती चोरी," असं आमच्या बायका म्हणायच्या. आणि ही चोरी लपत नाही. अंगात ओल असताना तोडलेला पंख वाळताना वाकतो, मग त्याला वाफ द्या नाही तर पाट्याखाली दाबा, सरळ होत नाही. लग्नात नवऱ्याकडची सगळ्यांत वडील बाई नवरीच्या बाहीवरून अंगठा फिरवून बघते. पंख वाकडा लागला की म्हणणार, पोरगी जित्या जिवाची हाय घेऊन आली.

त्यात हा किडा मोठा सोंगाड्या. धक्का लागला की पाय पोटाशी घेऊन टपकन खाली पडतो आणि मेल्यासारखा पडून राहतो. वेचायला गेलेली नवखी पोर हमखास फसते. म्हणून वेचलेला प्रत्येक किडा पाल्याच्या टोपलीत झाकून ठेवायचा. सकाळी हलला तर बाभळीवर नेऊन सोडायचा, नाही हलला तर आपला. हे सगळं मला आईनंच शिकवलं होतं. नियमाची एवढी कडक बाई की एकदा दुपार उलटल्यावर हललेल्या किड्यासाठी तिनं मला भर उन्हात नदीवर पिटाळलं होतं.

आणि शेवटचं सांगायचं म्हणजे, ही चोळी आईनंच पुरी करायची. शेवटचा टाका आईचा. ज्या पोरीला आई नाही ती साध्या चोळीवर बोहल्यावर चढते. माझी आई तशीच चढली होती. तिची आई तिच्या लहानपणीच गेली. "मावशा होत्या, आत्या होत्या, पण रीत ती रीत," ती सांगायची. "लोक आधी बाहीकडं बघायचे, मग माझ्या तोंडाकडं, मग नजर फिरवायचे." म्हणून माझ्या चोळीवर तिचा जीव.

मला मानवतचं स्थळ आलं, सुपारी फुटली. पण त्याच्या दोन वर्षं आधी एका कोळसेवाल्यानं काठच्या बाभळी तोडून भट्ट्या लावल्या होत्या. रान गेलं तसे किडेही गेले. उजवी बाही भरली होती, डावी बाही अर्ध्यावर येऊन थांबली. नवऱ्याकडची माणसं भली. "घाई नाही, पुढल्या भादव्यात चोळी पुरी करा, मग उडवू बार," असा निरोप त्यांनी आपणहून दिला. मी आपली खूश. आणखी एक वर्ष आईजवळ! पण आई ऐकेल तर शपथ.

"मार्गशीर्षातच होईल लग्न," ती म्हणाली.

"पण पंख कुठून आणणार?"

"आणीन."

"आई, मी काय जड झाले का तुला?"

"पोर वेळेवर गेलेली बरी," एवढंच ती म्हणाली आणि आत निघून गेली. पाठ फिरवून बोलायची तिला सवय नव्हती. ते मला फार लागलं. मी त्या रात्री जेवले नाही, आणि ती मला जेव म्हणायलाही आली नाही.

आता कळलं ना, परातीतले वाकडे पंख बघून माझं पित्त का खवळलं ते? एक तर मला घालवायची घाई, आणि त्यात असल्या पापाच्या बाह्या घालून घालवायची.

मी आत्यापुढं जाऊन उभी राहिले. "तू ही रीत जाणत नव्हतीस? एवढी केस पिकलेली बाई तू!"

"जाणत होते."

"मग कामून केलंस?"

"म्हातारचळ लागला," आत्या शेंग फोडत म्हणाली. "तुझ्या लग्नात लाडू खायची घाई झाली मला."

"तिथं सगळ्यांदेखत माझी बाही तपासतील. तुझं काय जातंय? तू इथं बसून लाडू खाशील!"

"गुणा!" आई म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक निघाला की मी वळून बघितलं. "आत्याला असं बोलू नको. तिचे पाय धर."

"मी नाही धरत. आणि ही चोळीही मी घालत नाही. साधी घालून जाईन, तू गेलीस तशी."

हे तोंडातून गेलं आणि आईचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याच्या हातातलं शेंगांचं सूप खाली पडलं. माझे वडील, नाना, आतल्या खोलीत मशीनवर होते, मशीनही थांबली. मी तशीच परसात गेले आणि हौदाच्या कडेला बसून मनसोक्त रडले. मला आत्याचा राग होता, आईचा त्याहून जास्त होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई महादेवाला जाते म्हणून बाहेर पडली. अलीकडं तिचा देवधर्म फार वाढला होता. श्रावणाच्या तोंडावर ती आणि आत्या देवीला म्हणून एसटीनं आंबाजोगाईला जाऊन आल्या होत्या. येताना प्रसाद आणला नाही. मी विचारलं तर आत्या म्हणाली, "माकडानं नेला." मीही हसले होते तेव्हा.

आई गेल्यावर मी ठरवलं, आपणच नदीवर जावं. कोळसेवाल्याच्या तडाख्यातून मसणवट्याच्या अंगाला चार-दोन बाभळी वाचल्या होत्या. तिथं भट्टी लावायला तोही भ्याला होता. तिथं मेलेले किडे मिळाले तर रीतसर बाही भरेल, आत्याचं पाप निस्तरेल, आणि आईच्या मनासारखं मार्गशीर्षात जाते म्हणावं निघून. एवढी घाई आहे ना तिला!

बाभळीखाली कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं हिरवं लुगडं दिसलं. आईच ती. एक हात तिनं बरगडीखाली दाबून धरला होता, आणि दुसऱ्या तळहातावर काहीतरी घेऊन त्याच्याशी बोलत होती. मी झुडपाआड थबकले.

"ऊठ रे राजा," ती म्हणत होती. "मला नको फसवू. तू मेलेला नाहीस, मला ठाऊक आहे. तुझ्या भावांना मी मेलेलेच समजून उचललं. सोंग त्यांचं, मग पाप त्यांचं, अशी मनाची समजूत घातली. पण माझा हात कुणाला फसतो का? जिवंत अंग हाताला कळतं रे."

मी पुढं झाले. काटा मोडला, तरी ती दचकली नाही.

"बस," ती म्हणाली. "हळू बस, तो घाबरंल."

मी बसले. तिच्या तळहातावर सोनकिडा पाय पोटाशी घेऊन उताणा पडला होता.

"आत्यानं नाही तोडले," मी म्हणाले.

"नाही."

"तू तोडलेस."

"व्हय. मीच तोडले."

"आणि आत्यानं आपल्या अंगावर घेतलं? आणि तू घेऊ दिलंस?"

"त्यांनी डोळ्यांनीच दटावलं मला. मी बोलले असते, तर तू 'कामून?' म्हणून विचारलं असतंस. मग सगळंच सांगावं लागलं असतं."

"काय सगळं? आई, ती माणसं थांबायला तयार होती की! एका वर्षानं काय बिघडत होतं?"

"ते थांबतील गं," आई म्हणाली. "मला कुठं थांबता येतंय?"

तिनं माझा हात धरला आणि लुगड्यावरून आपल्या बरगडीखाली नेऊन ठेवला. आत काहीतरी होतं, जात्याच्या खुंट्यासारखं घट्ट. मी हात मागं ओढला, आणि लगेच परत ठेवला.

"श्रावणाआधी लिंबाएवढं होतं," ती म्हणाली. "देवीला म्हणून गेलो ते मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर भला माणूस होता बिचारा. त्यानं मला बसवून घेतलं, पाणी पाजलं, मग सांगितलं. पुढला भादवा मला दिसायचा नाही, गुणा."

मला रडूसुद्धा येईना. किती वेळ मी नुसती त्या घट्ट गोळ्यावर हात ठेवून बसले.

"नानांना?"

"सांगू नको. लग्न होऊ दे. त्यांच्यानं मशीन चालवणं होणार नाही मग." तिनं थांबून श्वास घेतला. "मी मेले की सुतक आलं, वर्ष गेलं. मग तुझी चोळी कोण पुरी करणार? केसरावन्सं माझ्यापेक्षा सफाईनं टाका घालतील, पण त्यांचा चालत नाही. तू साध्या चोळीवर उभी राहशील. लोक आधी बाहीकडं बघतील, मग तुझ्या तोंडाकडं." तिचा आवाज फुटला. "ते मला नको होतं गं. बाकी मला कशाचं काही नाही."

आणि मी तिला आदल्या दिवशीच म्हणाले होते, साधी घालून जाईन, तू गेलीस तशी. माझी मान वर होईना.

तेवढ्यात किड्यानं एक पाय हलवला. मग दुसरा. आई बघत राहिली. दोन बोटं पुढं केली असती तर काम झालं असतं. तिची बोटं पुढं झाली, आणि तिनं ती मुठीत मिटून घेतली.

"होत नाही आता," ती म्हणाली. "कालपासून होत नाही. तू परातीपुढं उभी राहून ओरडायलीस, आणि मला वाटलं, मीच शिकवलेलं बोलतीय पोर."

"नको करू. सोड त्याला."

"मेल्याचं सोंग सोपं असतं बघ," ती किड्याकडं बघत म्हणाली. "गप पडून राहायचं. मी श्रावणापासून जित्याचं सोंग घेतलंय. उठायचं, स्वैपाक करायचा, हसायचं. लई दमले गं बाई."

किड्यानं पालथं होऊन पाठीवरचे हिरवे पंख उचलले, आतले मऊ पंख उलगडले, आणि जड घुर्रर्र आवाज करत बाभळीच्या शेंड्याकडं गेला. आम्ही दोघी मान वर करून बघत बसलो. मग मी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मला रडू फुटलं. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली, तिचा हात हलका लागत होता.

"आई, मार्गशीर्षातच कर लग्न," मी म्हणाले. "आणि परातीतले आहेत तेवढे पंख लाव. सगळे लाव."

"वाकडे आहेत ते."

"असू दे. मी घालीन. उरलेल्या जागेत हिरवा दोरा भर."

"दोऱ्याची बाही? लोक काय म्हणतील?"

"लोक गेले चुलीत."

बऱ्याच दिवसांनी आई खरंखुरं हसली.

आम्ही हळूहळू घरी आलो. मध्येमध्ये ती थांबायची, मी तिला धरायचे. आत्या उंबऱ्यातच उभी होती. मी आईला धरून आणतेय हे तिनं बघितलं आणि तिला सगळं कळलं. मी जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"का गं?" आत्या म्हणाली. "शिव्या संपल्या व्हय तुझ्या? मी तर आजच्यासाठी अजून मागवणार होते." मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि परसात निघून गेली.

मार्गशीर्षात आमच्याच दारात मांडव पडला. आईनं शेवटचा टाका हळदीच्या दिवशी घातला. दोरा ओवून द्यायला आत्या बसली होती, कारण आईला नेढं दिसत नव्हतं. लग्नात आई भरजरी लुगडं नेसून पाहुण्यांत फिरत होती. पाय सुजलेले, आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या. नाना तिच्याकडं बघायचे आणि दुसरीकडं तोंड करून कुणाला तरी हाका मारायचे. त्यांना ठाऊक होतं की काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मुहूर्ताआधी मला पाटावर बसवलं. माझी आजेसासू पुढं आली. वाळलेल्या खारकेएवढी बाई, पण नजर सुईची. तिनं उजव्या बाहीवरून अंगठा फिरवला. "चांगले पिकलेत पंख," म्हणाली. मग डावीकडं वळली. अंगठा चालत चालत आला आणि थांबला. तिनं बाही उजेडाकडं केली. मागं उभ्या असलेल्या बाया वाकून बघायला लागल्या. एक जण दुसरीच्या कानाला लागली.

आत्या घाईनं पुढं झाली. "ते माझ्या हातून..."

"नाही," आई म्हणाली. ती गर्दीतून वाट काढत आली आणि माझ्या पाटाशी उभी राहिली. "वन्सं, राहू द्या. ते पंख माझे आहेत. जित्याचे आहेत. मी तोडले. पोरीचा त्यात काही दोष नाही."

आजेसासू आईकडं बघत राहिली. तिचं तोंड बघितलं, बांगड्या बघितल्या, सुजलेले पाय बघितले. बाहीवरची हिरव्या दोऱ्याची जागा पुन्हा एकदा बघितली, जिथं पंख संपले होते. म्हातारीला काही विचारावं लागलं नाही.

तिनं माझा शालू खांद्यावरून ओढून डावी बाही झाकली.

"गार वारं सुटलंय," ती मागच्या बायांना म्हणाली. "पोरीचा पदर नीट घ्या. पंख चांगले आहेत. चला, मुहूर्त जाईल." आणि मग अंतरपाट धरेपर्यंत ती माझ्या आईचा हात हातात घेऊन उभी राहिली.

आई माघात गेली. मी माहेरी आले होते, तिच्या उशाशी होते. जायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "आजेसासूनं नंतर काही विचारलं का बाहीचं?" मी म्हणाले, "नाही." "मग चांगली माणसं आहेत," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

आता मी स्वतः आजेसासू झाले. चोळीचं रेशीम दोनदा विरलं, दोनदा मी नव्या रेशमावर पंख चढवून घेतले. पंखांना काही होत नाही. वाकडे काय, सरळ काय, सगळे तसेच हिरवे. गेल्या वर्षी तिसऱ्यांदा काम दिलं. आमच्या गल्लीत एक हुशार पोरगी शिवणकाम करते, तिच्याकडं. तिनं सगळे पंख उसवून ताटात मांडले, वाकडे वेगळे काढले आणि म्हणाली, "आजी, एवढे टाकून देऊ का? सरळ आहेत त्यात दोन्ही बाह्या भरतील, दिसायलाही छान दिसंल."

मी म्हणाले, "बाई, ते आधी लाव. मग जागा उरली तर सरळ लाव."